एकोणीस घरं, एक मोरी

पाणी आलं ते रात्री. इंग्लंड, २०२४ चा फेब्रुवारी. दिवसभर बारीक रिपरिप होती, त्यामुळे कुणाच्या मनात काही आलं नव्हतं. साडेअकराच्या सुमारास शेजारचं कुत्रं थांबेना, म्हणून दार उघडलं तर फाटकासमोरची पाणंद वाहत होती. पाणी घोट्याच्या वर, आणि गढूळ नाही, स्वच्छ. टॉर्च मारला तर खालचं डांबर दिसत होतं. मी संगमेश्वर तालुक्यात वाढले. आमच्याकडे पावसाचं पाणी माती घेऊन येतं, लाल येतं. हे काचेसारखं पाणी पाहून मी आधी घाबरले ती त्या स्वच्छपणामुळे.

समोरच्या घरातल्या आजीबाई गाऊनवर रेनकोट चढवून बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं, हे आजच्या पावसाचं नाही, टेकडीचं पाणी आहे. डिसेंबर-जानेवारीत मुरलेलं आता बाहेर पडतंय. रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही सहा-सात जण वाळूच्या पिशव्या उंबऱ्यांना लावत होतो. सकाळी मी फोन घेऊन बसले आणि आमच्या पत्त्यात जे शहर आहे, त्या स्विंडनच्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन लावला. पलीकडच्या मुलीने पोस्टकोड घेतला, क्षणभर थांबली आणि नम्रपणे म्हणाली, "तुम्ही आमच्या हद्दीत नाही."

चार वर्षं राहत होते मी तिथे, आणि आपण कुणाच्या हद्दीत आहोत हे मला सांगता येत नव्हतं.

ते समजून घ्यायला जे दिवस गेले, ते मला आज फार मोलाचे वाटतात. आमची वाडी (हॅम्लेटला मी वाडीच म्हणते, दुसरा शब्द बसत नाही) ऑक्सफर्डशरच्या नैर्ऋत्य टोकाला आहे, रिजवे ही प्राचीन वाट जिच्यावरून जाते त्या टेकडीच्या पायथ्याशी. पोस्टाच्या सोयीसाठी पत्ता स्विंडनचा. स्विंडनची कौन्सिल स्वतंत्र आहे आणि ते शहर विल्टशरच्या बाजूचं. काउंटी, म्हणजे जिल्हा, आमची ऑक्सफर्डशर; तिच्यातलं डिस्ट्रिक्ट, म्हणजे तालुक्यासारखं, व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स. पण वाडीतले म्हातारे लोक अजून बार्कशर म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने हद्दी बदलल्या, १ एप्रिल १९७४ ला तो लागू झाला आणि हा सगळा पट्टा एका रात्रीत बार्कशरमधून ऑक्सफर्डशरमध्ये आला. मागच्या टेकड्यांना नकाशावर आजही बार्कशर डाउन्स असंच नाव आहे. अफिंग्टनच्या चढावर खडूत कोरलेला तो सुमारे ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा, ज्याच्यावरून डिस्ट्रिक्टला नाव मिळालं, तोही तेव्हाच काउंटी बदलून आला. घोडा तीन हजार वर्षांचा आहे म्हणतात. त्याला कितव्यांदा नवी काउंटी मिळाली कोण जाणे.

जमिनीची रचना एकदा कळली की वाडी इथेच का आहे तेही कळतं. दक्षिणेला खडूची टेकडी. खडू पाणी पितो, धरून ठेवतो. उत्तरेला सपाट खोरं, त्यात चिकणमाती, जी पाणी आत घेत नाही. दोन्ही जिथे भेटतात तिथे टेकडीतलं पाणी झऱ्यांनी बाहेर येतं, आणि त्याच ओळीवर एकामागून एक गावं नि वाड्या बसल्या आहेत. प्रत्येक गावाची हद्द दक्षिणोत्तर लांबट, अरुंद. वर मेंढरांना टेकडीचं गवत, मध्ये झऱ्याचं पाणी आणि वस्ती, खाली गुरांना खोऱ्यातलं कुरण. ज्यांनी हे पट्टे पाडले त्यांनी प्रत्येक गावाला तिन्हीतला वाटा दिला. हजार वर्षांमागच्या सनदांमध्ये या भागातल्या सीमा झाडं, दगड, चर यांच्या खुणांनी लिहून ठेवल्यात. आपल्याकडच्या चतुःसीमा लिहितात तशाच.

हा लांबट पट्टा म्हणजे आमची पॅरिश. मूळ अर्थ एका चर्चच्या कक्षेतला मुलूख. १८९४ च्या कायद्याने गावाचा कारभार चर्चपासून वेगळा काढला आणि निवडलेल्या पॅरिश कौन्सिली सुरू झाल्या. आमच्या पॅरिशमध्ये चर्च, शाळा आणि पब असलेलं एक गाव, आणि त्याच्या आजूबाजूला दोन वाड्या. आमच्या वाडीत एकोणीस घरं, एक लाल पोस्टपेटी, एक सूचनाफलक, आणि एक लाल टेलिफोन बूथ. बूथमध्ये फोन नाही, हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र आहे. टेलिफोन कंपनीने वापरात नसलेले बूथ एक पौंडात गावांना द्यायला सुरुवात केली तेव्हा पॅरिशने तो घेतला. चर्च नाही म्हणूनच हे गाव नाही, वाडी आहे. कायद्यात हॅम्लेटची वेगळी व्याख्या नाही. लोक असं ओळखतात, एवढंच.

रविवारी अण्णांचा फोन असतो. अण्णा निवृत्त शिक्षक, आमच्या गट ग्रामपंचायतीत दोन वेळा सदस्य होते. पाण्याची हकीकत सांगितली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं पंचायत नाय काय गो?"

"आहे अण्णा. पण रस्ता तिच्याकडे नाही, कचरा तिच्याकडे नाही, शाळा तिच्याकडे नाही."

"मग हाय काय तिच्याकडं?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. कौन्सिल टॅक्सचं बिल काढून पाहिलं. बिल पाठवतं डिस्ट्रिक्ट, पण आत वाटे वेगवेगळे छापलेले असतात. सगळ्यांत मोठा काउंटीचा, कारण रस्ते, शाळा, वाचनालयं, म्हाताऱ्यांची देखभाल तिच्याकडे. मग पोलिसांचा. मग डिस्ट्रिक्टचा, कचरा आणि बांधकाम परवानग्या तिथे. सगळ्यांत शेवटची, सगळ्यांत लहान ओळ पॅरिशची. या ओळीला प्रीसेप्ट म्हणतात. चार वर्षांत ती ओळ मी कधी नीट वाचली नव्हती.

मार्चमध्ये फलकावर दोन कागद लागले. एक वार्षिक पॅरिश मीटिंगचा. ही कौन्सिलची सभा नव्हे, ही मतदारांची सभा, म्हणजे आपली ग्रामसभाच. कायद्याप्रमाणे दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात ती घ्यावी लागते, आणि संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येत नाही. कारण शेतावरचा माणूस कामावरून परत यायला हवा. हा नियम कुणी लिहिला असेल त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. दुसरा कागद रिकाम्या जागेचा होता. एक सदस्य गाव सोडून गेले होते. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार वगळून १४ दिवसांत पॅरिशमधल्या १० मतदारांनी मागणी केली तर निवडणूक, नाहीतर उरलेले सदस्य एकाला स्वीकृत करून घेणार.

मी मीटिंगला गेले. गावच्या हॉलमध्ये पंधरा माणसं होती, त्यातली तीन आमच्या वाडीची. पाण्याबद्दल बोलायला उठले तेव्हा हात थरथरत होते. ऑफिसात मी रोज इंग्रजी बोलते, हिशेब समजावते, पण गावासमोर उभं राहून "आमच्या वाडीत" असं म्हणणं वेगळं असतं. 'आमच्या' म्हणायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्या शब्दाआधी एक क्षण येऊन उभा राहतो. बोलून झाल्यावर क्लार्क माझ्याजवळ आली. पॅरिशची क्लार्क म्हणजे ग्रामसेवकाच्या जागी, पण आठवड्याचे थोडे तास पगारावर. पत्रव्यवहार, हिशेब, कायदा, सगळं तिच्याकडे. ती म्हणाली, जागा रिकामी आहे, अर्ज का करत नाहीस?

"माझा पासपोर्ट भारताचा आहे," मी म्हटलं.

"असू दे की," ती म्हणाली.

खरंच चालतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार होता येतं. नुसतं गावच्या नाही, संसदेच्याही निवडणुकीत. त्याच वर्षी ४ जुलैला मी सार्वत्रिक निवडणुकीत मत दिलं. उमेदवारीला किंवा स्वीकृत व्हायला मात्र कायमच्या वास्तव्याची परवानगी लागते, ती माझ्याकडे होती. शिवाय त्या पॅरिशचा मतदार असावं लागतं, किंवा बारा महिने तिथे जमीन-घर, मुख्य काम, किंवा हद्दीपासून तीन मैलांच्या आत वास्तव्य असावं लागतं. यातलं एक पुरतं. माझ्यात तीन बसत होती. इथे राहणारे कितीतरी मराठी लोक वर्षानुवर्षं कर भरतात आणि हे त्यांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. मतदार यादीत नाव आहे का, एवढं तरी आज बघून घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

निवडणुकीची मागणी कुणी केली नाही. एप्रिलच्या सभेत माझा अर्ज आला. पाच जणांची कौन्सिल, कायद्याने किमान तेवढीच. त्यातले चार टेबलाभोवती, टोकाला क्लार्क. अध्यक्ष निवृत्त गुरांचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, का यायचंय? मी म्हटलं, पाण्यासाठी. आणखी काही म्हणावंसं वाटलं होतं, पाठ करून गेले होते, पण तेवढंच बोलले. चार हात वर झाले. मग क्लार्कसमोर पद स्वीकारल्याच्या घोषणेवर सही. त्या सहीशिवाय खुर्चीवर बसता येत नाही.

बसल्याबसल्या मी पाणंदीखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोरीचा विषय काढला आणि क्लार्कने हळूच हात वर केला. "विषय पत्रिकेवर नाही. चर्चा ऐकता येईल, ठराव करता येणार नाही." सभेआधी पूर्ण तीन दिवस कार्यक्रमपत्रिका फलकावर असावी लागते. लावायचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही, रविवार धरायचा नाही. जे फलकावर नव्हतं त्यावर निर्णय झाला तर तो टिकत नाही. मला त्या रात्री राग आला. घरात पाणी शिरायची वेळ आली आणि ही बाई दिवस मोजते! राग उतरायला महिना लागला. मेच्या सभेत विषय पत्रिकेवर होता, त्यामुळे ज्याच्या शेताच्या कडेने पाणी येतं तो शेतकरी स्वतः आला. त्याने फलकावर वाचलं होतं. आदल्या महिन्यात ठराव झाला असता तर तो त्याच्या पाठीमागे झाला असता.

दरम्यान हितसंबंधांचा फॉर्म भरला. २८ दिवसांच्या आत द्यायचा असतो. माझी नोकरी, घर, पॅरिशमधली जमीन, आणि नवऱ्याचंही तेच सगळं. नवरा हारवेलच्या प्रयोगशाळांच्या आवारात काम करतो, तेही लिहिलं. हे सगळं वेबसाइटवर जाहीर होतं. २०११ च्या लोकलिझम कायद्यानुसार कारण नसताना लपवलं तर तो गुन्हा आहे. नवरा म्हणाला, पगार नाही, भत्ता नाही आणि एवढी उघडीनागडी चौकशी? मला उलट बरं वाटलं. एकोणीस घरांत कुणाचं काय कुणापासून लपतं?

सभेचा पुष्कळ वेळ बांधकाम अर्जांत जातो. कुणाची पडवी, कुणाचा गोठा मोडून घर. पॅरिशला २१ दिवसांत मत कळवायचं, निर्णय डिस्ट्रिक्टचा. ते सोडते. मला मोरीबद्दल सांगायचंय.

मेच्या अखेरीस आम्ही तिघं पाहणीला निघालो. अध्यक्ष, शेतकरीबाबा आणि मी. शेतकरीबाबा ऐंशीच्या घरातले, हातात नळ साफ करायच्या काठ्या, एकीला एक जोडून लांब होणाऱ्या. पाणंदीच्या एका अंगाला हॉथॉर्नचं जुनं कुंपण, त्याच्या नि डांबराच्या मध्ये चर. चर म्हणजे नावाला. गाळ, अंगाची आग करणारं नेटल, वर्षानुवर्षांचा पाला, त्यावर काटेरी वेली. झऱ्याचं पाणी या चराने येऊन पाणंदीच्या सर्वांत खोल जागी मोरीतून पलीकडे जायला हवं. मोरीचं तोंड सापडायला अर्धा तास गेला. बाबांनी काठी घातली, दोन हात गेली आणि थांबली. त्यांनी ती फिरवली, कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मूळ आहे. दगड असता तर वाजला असता."

मग खरा प्रश्न आला. चर कुणाचा?

बाबा म्हणाले रस्त्याचा. काउंटीच्या रस्ते विभागाचं सर्वसाधारण धोरण असं की डांबर आणि त्याखालची मोरी काउंटीची, कडेचा चर लगतच्या जमीनमालकाचा. जमीन नोंदणीच्या नकाशावर जाड लाल रेघ असते, ती सीमा साधारण दाखवते, चर आत की बाहेर ते त्यातून ठरत नाही. अध्यक्षांनी मला कुंपणाजवळ नेऊन एक जुना संकेत समजावला, तो मी जन्मात विसरणार नाही. पूर्वी माणूस आपल्या जमिनीच्या अगदी कडेला उभा राहून चर खणायचा. माती कुठे टाकणार? दुसऱ्याच्या हद्दीत टाकता येत नाही, म्हणून आपल्याच बाजूला टाकायची. त्या मातीचा बांध व्हायचा, बांधावर कुंपण लावायचं. म्हणून कुंपणाच्या पलीकडे दिसणारा चरही कुंपणवाल्याचाच. इंग्रजी न्यायालयं दोनशे वर्षांहून जास्त काळ हा संकेत मानत आली आहेत. अध्यक्षांनी बुटाच्या टोकाने बांध दाखवला. गवताखाली तो उंचवटा खरंच होता, शेताच्या बाजूला. कुणा माणसाने फावड्याने टाकलेली माती, तो गेला, त्याची नातवंडं-पतवंडं गेली, आणि उंचवटा तिथेच आहे.

बाबांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही. मलाही एका ऐंशीच्या माणसावर संकेत फेकून त्याला कामाला लावायचं नव्हतं. क्लार्क म्हणाली, जुनी इतिवृत्तं बघ. कुठे आहेत? ऑक्सफर्डमध्ये नाहीत. आमची पॅरिश बार्कशरची होती ना, म्हणून जुनं दप्तर रेडिंगला, बार्कशरच्या अभिलेखागारात.

जूनमध्ये एक दिवस रजा काढून गेले. आत पेन न्यायचं नाही, पेन्सिल फक्त. स्पंजच्या उशीवर वही ठेवून देतात, पानं दाबून धरायला कापडात शिवलेली वजनाची माळ. पहिली वही १८९४ च्या डिसेंबरातल्या पहिल्या निवडणुकीपासून सुरू होते. शाईचा रंग चहासारखा झालेला. दुपारचे साडेतीन वाजेपर्यंत मला पायवाटेवरची तुटलेली पायरी, विहिरीचा पंप, राज्याभिषेकाच्या दिवशी मुलांना चहा, हेच मिळत होतं. पण प्रत्येक पानावर आमची वाडी कुठे ना कुठे होती. कुणीतरी दर वेळी उठून तिच्याबद्दल बोललेलं होतं. मग दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका पानावर चर सापडला. कसणाऱ्याने हिवाळ्याआधी चर काढावा, आणि नळाबद्दल रस्त्याच्या अधिकाऱ्याला लिहावं. दोन ओळी, बस्स. मी परवाना घेऊन फोटो काढला आणि खुर्चीत जरा वेळ तशीच बसून राहिले.

तो फोटो छापून मी बाबांकडे घेऊन गेले. पत्र पाठवायचं नाही, स्वतः जायचं, हे अण्णांनी बजावलं होतं. "बाय, बांधाचं भांडण कागदावर जितायचं नसतं, ओटीवर बसून मिटवायचं असतं." इथे ओटी नाही, स्वयंपाकघरातलं टेबल. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "कसणारा म्हणजे तेव्हा माझे वडील," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, मार्च ते ऑगस्ट कुंपण छाटता येत नाही, पाखरांची घरटी असतात, कायदाच आहे. कुंपण छाटल्याशिवाय खोदयंत्र आत येणार नाही. सप्टेंबर उजाडू दे.

सप्टेंबर उजाडला. कुंपण छाटलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या मुलाने दोन दिवसांत चर काढला आणि गाळ शेताच्या बाजूला टाकला, त्याच उंचवट्यावर. मी घरातून धावत जाऊन तेवढं पाहिलं.

मोरीचं काम काउंटीचं. क्लार्कने पत्रात सगळं दिलं होतं: जागेचा नकाशा-क्रमांक, चर साफ झाल्याचे फोटो, रेडिंगच्या पानाची प्रत, आणि फेब्रुवारीच्या रात्री किती उंबऱ्यांपर्यंत पाणी आलं त्याची नोंद. २०१० च्या पूरविषयक कायद्याने भूजल आणि पृष्ठजलाच्या पुराची मुख्य जबाबदारीही काउंटीकडेच आहे, हेही लिहिलं. नोव्हेंबरात टँकर आला, दोन माणसं, जोरदार पाण्याचा फवारा मारणारा पाइप. तासाभरात नळातून मुळांचा एक जुडगा निघाला, हातभर लांब, नळाच्याच गोल आकाराचा. त्यात भाजलेल्या मातीच्या नळाचा एक तुकडा अडकला होता. माणसाने तो माझ्या हातात दिला. आज तो आमच्या खिडकीत आहे.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या रविवारी दिलं. पॅरिशकडे काय आहे? पंचवीस हजार पौंडांच्या आतला वर्षाचा हिशेब, तोही इतका लहान की बाहेरच्या लेखापरीक्षणातून सूट मिळते. थोडे बाक, खेळाचं मैदान, बूथमधलं यंत्र. आणि कुठला चर कुणाचा हे माहीत असलेली माणसं. काउंटीच्या नकाशावर आमची मोरी नव्हतीच. ती आहे हे सांगणारं कुणी नसतं, तर टँकर आला नसता. अण्णा म्हणाले, "मग इतिवृत्तात नीट लिवा. नायतर पन्नास वर्षांनी आणि कोणतरी रजा काढील."

हे मनावर घेतलं, कारण वरचं सगळं पुन्हा हलायला लागलं आहे. २०२४ च्या डिसेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढली. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन मजले जिथे आहेत तिथे एकच मोठी कौन्सिल करायची. पॅरिशी तशाच राहणार. म्हणजे आमच्या वाडीवरच्या पाट्या अर्धशतकात दुसऱ्यांदा बदलणार, दप्तरं पुन्हा कुठेतरी हलणार, रस्त्याचा विभाग नव्या लोकांच्या हातात जाणार. त्यांना आमचा खड्डा, आमची मोरी कोण सांगणार? जानेवारीच्या सभेत, प्रीसेप्टचा आकडा ठरवून झाल्यावर, माझा ठराव पत्रिकेवर होता, नवव्या क्रमांकावर. मोरीचा नकाशा-क्रमांक, नळाचा व्यास, चर कुठल्या शेताचा, नळ कुणाचा, शेवटचा कधी साफ केला, हे सगळं इतिवृत्तात नोंदवावं. पाच हात वर झाले.

फेब्रुवारीत पुन्हा टेकडीचं पाणी सुटलं. रात्री खिडकी उघडली की चरातून आवाज येतो, अखंड, बारीक. पाणंद कोरडी आहे.

त्याच आठवड्यात इतिवृत्ताची प्रत फलकावर लावायला मी गेले होते. बाबा कुत्रं घेऊन येत होते, थांबले, काचेला नाक लावून नववा विषय वाचू लागले. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि नळाच्या व्यासापाशी थांबलं.

"हा वरचा नळ," ते म्हणाले. "याच्या खाली एक दगडी मोरी आहे, आमच्या आजोबांच्या वेळची. नळ तिच्यात बसवलाय. ती नाही लिहिलीस."

मी म्हटलं, सभेत मंजूर झालेल्या कागदावर आता काही घालता येणार नाही, पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घ्यावं लागेल, तीन पूर्ण दिवस आधी.

"रविवार सोडून," ते म्हणाले, आणि मी पेन्सिलीने तळहाताएवढ्या कागदावर लिहून घेतलं: दगडी मोरी, नळाखाली, बाबांना विचारणे.